नडगीचं वेळापत्रक

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की पहिले दोन आठवडे माझ्या दवाखान्यात शुकशुकाट असतो. त्या दिवसांत फलटणच्या आसपासची सगळी पोरं पळत असतात. पहाटे साडेचारला, अंधारात, कालव्याच्या कडेनं, शाळेच्या मैदानावर, नव्या रुंद केलेल्या डांबरी रस्त्यावर. तिसरा आठवडा सरत आला की बाकावर एकेक जण येऊन बसायला लागतो. पँट गुडघ्यापर्यंत वर सरकवतो, पायाच्या आतल्या बाजूनं बोट फिरवतो आणि म्हणतो, "मॅडम, नळ्या दुखतायत. पळायला सुरुवात केली की जास्तच."

मी फिजिओथेरपिस्ट आहे. भरती करणारी मुलं, मॅरेथॉनची तयारी करणारे शिक्षक, डॉक्टर, दुकानदार आणि आषाढात माउलींच्या पालखीबरोबर येणारे वारकरी असे तिन्ही प्रकारचे पाय माझ्याकडे येतात. तिघांचंही दुखणं गुडघा आणि घोटा यांच्या मधल्या पट्ट्यात असतं. भरतीच्या मुलांमध्ये मात्र ते जवळजवळ ठरल्या वेळी येतं, तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात. या वेळेमागे शरीराचं स्वतःचं कारण आहे. ते कारण कळलं तर यातली बरीचशी दुखणी उद्भवणारच नाहीत आणि उद्भवलेली वेळेत बरी होतील, असं मला मनापासून वाटतं. म्हणून हा लेख.

भरतीत नडगीला किती मोल आहे, ते आधी सांगते. शिपाई पदाच्या मैदानी चाचणीला एकूण ५० गुण असतात. मुलांना १६०० मीटर धावण्यासाठी २०, १०० मीटरसाठी १५ आणि गोळाफेकीसाठी १५. मुलींना सोळाशेच्या जागी आठशे मीटर. सोळाशेचे पूर्ण २० गुण घ्यायचे तर पाच मिनिटं दहा सेकंदांच्या आत यावं लागतं. एकेका गुणावर नोकरी ठरते आणि त्या नोकरीवर बहुतेक वेळा अख्खं घर डोळे लावून बसलेलं असतं. अशा मुलाला "पळणं बंद कर" एवढंच सांगून घरी पाठवणं हा उपचार होत नाही. पुढे काय करायचं, कधी करायचं आणि किती करायचं, हे सांगावं लागतं.

दुखतं ते नेमकं काय

गुडघ्याखाली दोन हाडं आहेत. बाहेरच्या बाजूला बारीक फिब्युला आणि आतल्या बाजूला जाड टिबिया. शरीराचा बहुतेक भार टिबिया पेलते. तिची पुढची कड कातडीखाली सरळ हाताला लागते, तीच आपली नडगी. आतल्या कडेच्या मागे पोटरीचे खोलवरचे स्नायू असतात. पाऊल जमिनीवर टेकताना त्याला आवर घालणं आणि टाच उचलून शरीर पुढे ढकलणं ही त्यांची कामं.

पळताना प्रत्येक पावलाला टिबिया किंचित वाकते आणि पुन्हा सरळ होते. डोळ्यांना दिसणार नाही इतकं हे वाकणं असतं, पण एका किलोमीटरला ते शेकडो वेळा घडतं. शिवाय पोटरीचे स्नायू हाडाला आणि त्यावरच्या आवरणाला खेचत राहतात. हा ताण पेलण्याची हाडाची तयारी नसेल, तर नडगीच्या आतल्या कडेला, घोट्याच्या वर चार-सहा बोटांपासून मध्यापर्यंत, एक लांबट पट्टा दुखू लागतो. डॉक्टरांच्या भाषेत याला मेडियल टिबियल स्ट्रेस सिंड्रोम म्हणतात. पळणाऱ्यांमध्ये 'शिन स्प्लिंट' किंवा नुसतं 'शिन' हे नाव चालतं.

सुरुवातीला हे दुखणं माणसाला चकवतं. पळायला लागलं की दुखतं, अंग गरम झालं की कमी होतं, घरी आल्यावर पुन्हा ठणकतं. मधल्या त्या आरामामुळे मुलांना वाटतं की पळूनच हे जाईल. मग आणखी आठवडाभर पळतात. त्यानंतर दुखणं पळण्याच्या पहिल्या पावलापासून शेवटपर्यंत सोबत राहतं आणि पुढे जिना उतरतानाही जाणवतं.

तिसरा आठवडाच का

नव्यानं पळायला लागलेल्या माणसाचा दम दोन-तीन आठवड्यांत सुधारतो. हृदय, फुप्फुसं आणि स्नायूंचा रक्तपुरवठा लवकर जुळवून घेतात. पहिल्या दिवशी एका फेरीत धाप लागणारा मुलगा पंधराव्या दिवशी पाच फेऱ्या मारतो आणि त्याला वाटतं, आपण तयार झालो.

हाडाचं वेळापत्रक वेगळं आहे. हाड जिवंत असतं आणि आयुष्यभर स्वतःला नव्यानं बांधत असतं. जास्त भार पडू लागला की ते मजबूत होतं, पण त्या मजबुतीआधी एक नाजूक टप्पा येतो. जुन्या घराची डागडुजी करताना पोकळ झालेली भिंत आधी फोडावी लागते, मग नवी विटांची रचना उभी राहते. हाडातही तसंच घडतं. काही पेशी ताण पडलेला भाग आधी काढून टाकतात आणि दुसऱ्या पेशी तिथे नवं हाड भरतात. काढण्याचं काम साधारण तीन आठवड्यांत होतं. भरण्याचं आणि ते घट्ट होण्याचं काम मात्र तीन महिने किंवा त्याहून जास्त चालतं. म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, दम वाढल्यामुळे मुलगा सगळ्यात जास्त जोर लावतो तेव्हाच, त्याची नडगी तात्पुरती सगळ्यात कमजोर असते.

स्वीडनमधल्या संशोधकांनी २००१ साली असं दुखणं असलेल्या खेळाडूंची हाडं तपासली. दुखऱ्या भागातली हाडाची घनता त्यांना कमी आढळली. त्यातल्या काही खेळाडूंची बरे झाल्यावर पुन्हा तपासणी झाली आणि २००३ साली निष्कर्ष आले. घनता पुन्हा भरून आली होती. मला यातला दुसरा भाग फार महत्त्वाचा वाटतो. हाड हरलेलं नसतं, ते कामात असतं. त्याला वेळ आणि बेतशीर भार दिला तर ते आधीपेक्षा सक्षम होतं.

काही जणांना हा त्रास होण्याची शक्यता जास्त असते: पळायला नुकतीच सुरुवात केलेले, पूर्वी हाच त्रास झालेले, वजन जास्त असलेले आणि उभं राहिल्यावर ज्यांच्या तळव्याची कमान फार खाली बसते असे. मुलांपेक्षा मुलींमध्ये हे प्रमाण अधिक दिसतं. याचा अर्थ त्यांनी पळू नये असा नाही. त्यांनी अधिक सावकाश चढत जावं, एवढाच.

अंगठ्यानं दाबून पाहण्याची परीक्षा

दवाखान्यात मी पहिलं काम करते ते नडगीच्या आतल्या कडेवरून अंगठा दाबत खाली-वर नेण्याचं. दुखणं पाच सेंटिमीटर किंवा त्याहून लांब पट्ट्यात पसरलेलं असेल, तर बहुधा ते वर सांगितलेलं साधं ताणाचं दुखणं असतं. पण रुपयाच्या नाण्याएवढ्या एकाच जागी अंगठा टेकताच मुलगा पाय ओढून घेत असेल, तर मी सावध होते. त्या पायावर एकदा लंगडी घालायला सांगते. तेवढ्यानंही कळ येत असेल, बसल्या जागी किंवा रात्री झोपेत ठणकत असेल, तर हाडाला बारीक तडा गेल्याची शंका घ्यावी लागते. यालाच स्ट्रेस फ्रॅक्चर म्हणतात.

अशा वेळी साध्या एक्स-रेवर पूर्ण विसंबता येत नाही. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत तडा एक्स-रेत बऱ्याचदा दिसतच नाही. "एक्स-रे नॉर्मल आहे, म्हणजे पळायला हरकत नाही" हा समज धोक्याचा आहे. शंका दाट असेल तर मी अस्थिरोगतज्ज्ञांकडे पाठवते आणि ते गरजेनुसार एमआरआय करायला सांगतात. नडगीच्या आतल्या-मागच्या कडेचा तडा बहुतेक वेळा काही आठवड्यांच्या विश्रांतीनं भरून येतो. पुढच्या कडेवर, मधोमध पडलेला तडा मात्र हट्टी असतो. तो भरायला महिनोन्महिने लागू शकतात आणि कधी शस्त्रक्रियाही करावी लागते. म्हणून नडगीच्या अगदी पुढे, एकाच ठिकाणी दुखत असेल तर एक दिवसही अंगावर काढू नये.

तिसरा एक प्रकार कमी दिसतो, पण ओळखता यायला हवा. पळायला लागल्यावर ठरावीक मिनिटांनी पाय आतून गच्च भरून येतो, पंज्याला मुंग्या येतात, पाऊल जड पडतं आणि थांबल्यावर थोड्या वेळात सगळं निवळतं. स्नायूंच्या कप्प्यात दाब वाढल्यानं असं होतं. इथे विश्रांतीनं तात्पुरतं बरं वाटतं आणि पळणं सुरू झालं की पुन्हा तेच, त्यामुळे तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी लागते. आणि मार लागल्यावर किंवा अति श्रमानंतर पाय दगडासारखा कडक झाला, बोटं हलवताना असह्य वेदना होत असतील, वेदना थांबतच नसतील, तर ती तातडीची बाब आहे. त्याच तासाला रुग्णालय गाठायचं.

वारीच्या वाटेवरची नडगी

आषाढात फलटणला पालखीचा मुक्काम असतो, तेव्हा मी वैद्यकीय तंबूत बसते. आळंदीहून निघालेल्या माणसाचं तोवर सव्वाशे किलोमीटरहून अधिक चालणं झालेलं असतं. पंढरपूरपर्यंतचा पल्ला सुमारे अडीचशे किलोमीटरचा. पुणे ते सासवड या एकाच टप्प्यात तीस किलोमीटरच्या वर चाल आणि दिवे घाटाचा चढ. वर्षभर शेतात वावरणारे पायही सलग इतकं डांबरावर चाललेले नसतात.

वारकऱ्यांचं दुखणं भरतीच्या मुलांपेक्षा वेगळ्या जागी असतं. नडगीच्या पुढे, किंचित बाहेरच्या बाजूला जो स्नायू आहे, तो प्रत्येक पावलाला पंजा वर उचलतो आणि टाच टेकल्यावर तो हळूच खाली सोडतो. चप्पल सैल असेल, तर ती निसटू नये म्हणून बोटं आवळून चालावं लागतं आणि या स्नायूला दिवसभर उसंत मिळत नाही. डोक्यावर तुळस किंवा खांद्यावर पिशवी असली की भार आणखी वाढतो. संध्याकाळी तिथे हात लावला तर जागा गरम लागते, कधी सुजलेली असते.

एका आजींनी मला विचारलं होतं, "माउली, पंढरपूर दिसंल ना मला?" त्यांचा पंजा उचलताना नडगीच्या पुढे कळ येत होती, पण हाडावर कुठेही एका जागी दुखत नव्हतं. मी त्यांना मागून पट्टा असलेली सँडल घालायला सांगितली, पिशवी दिंडीच्या ट्रकमध्ये ठेवायला लावली, पावलं छोटी टाकायला सांगितलं आणि विसाव्याला पाय गाठोड्यावर उंच ठेवून पडायला सांगितलं. फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावला. कळ वाढली तर पुढचा टप्पा गाडीनं करायचा, हेही त्यांच्याकडून कबूल करून घेतलं.

वारीला जाणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच आहे की चालण्याची सुरुवात गुढीपाडव्याला करा. रोज अर्धा तास, मग पाऊण, मग एक तास. आठवड्यातून एकदा लांब चाल. जी पादत्राणं वारीत घालायची तीच सरावात घाला. नवी कोरी चप्पल घालून आळंदीहून निघू नका.

तंबूत बसणाऱ्यानं आणखी दोन गोष्टी डोळ्यांत तेल घालून पाहायच्या असतात. पन्नाशी-साठीचा माणूस, विशेषतः विडी-तंबाखू किंवा मधुमेह असलेला, सांगतो की ठरावीक अंतर चाललं की पोटरी आवळते आणि दोन-चार मिनिटं उभं राहिलं की सुटते. हे बहुधा पायाच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्याचं लक्षण असतं. मालिश करून ते जाणार नाही. रक्तवाहिन्यांची तपासणी हवी. दुसरं म्हणजे एकाच पायाची पोटरी सुजली, गरम आणि लालसर झाली तर शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. असा पाय चोळायचा नाही, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यायचा. सोबत धाप लागत असेल किंवा छातीत दुखत असेल तर रुग्णवाहिका बोलवायची.

कशानं बरं होतं, कशानं नाही

अमेरिकेच्या नौदल अकादमीत झालेला आणि १९७४ साली प्रसिद्ध झालेला एक जुना अभ्यास मी भरतीच्या मुलांना आवर्जून सांगते, कारण तिथले विद्यार्थीही त्यांच्याच वयाचे आणि तसेच कसून पळणारे होते. पहिल्या वर्षाच्या २७७७ विद्यार्थ्यांपैकी ९७ जणांना नडगीचं दुखणं झालं. त्यांचे गट करून वेगवेगळे उपचार दिले गेले. कुणाला बर्फ, कुणाला बर्फासोबत गोळ्या, कुणाला पोटरीचे ताण देणारे व्यायाम, कुणाला प्लास्टर. पळणं सगळ्यांचंच थांबवलं होतं. कुठलाही उपचार दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. काम केलं ते विश्रांतीनं.

नेदरलँड्समध्ये २०१२ साली खेळाडूंचे तीन गट करून पाहिलं गेलं. टप्प्याटप्प्यानं वाढवलेलं पळणं तिन्ही गटांना होतं. एका गटाला त्यासोबत व्यायाम दिले, एकाला पोटरीचे घट्ट मोजे. तिन्ही गटांना अठरा मिनिटं सलग, जोरात आणि न दुखता पळता येईपर्यंत सरासरी शंभरहून अधिक दिवस लागले. नवं हाड भरायला लागणारा काळ आणि हे शंभर दिवस जुळतात, हे लक्षात घ्या. चार दिवसांत बरं करून देतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आपल्याकडे 'नस चढलीय' म्हणून नडगीवर जोर लावून चोळण्याची पद्धत आहे. पोटरीच्या मांसल भागाला हलक्या हातानं तेल लावलं तर बरं वाटतं, त्याला हरकत नाही. पण दुखऱ्या हाडाच्या कडेवर अंगठ्यानं रगडलं तर चिडलेलं आवरण आणखी चिडतं. बर्फानं वेदना कमी होते, हाड भरत नाही. वेदनाशामक फवाऱ्याचंही तसंच.

मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती वेदनाशामकांची. सराव चुकू नये म्हणून मुलं पहाटे गोळी घेऊन पळतात. काही जण ग्राउंडच्या, म्हणजे मैदानी चाचणीच्या, आदल्या दिवशी इंजेक्शन घेतात. वेदना हा या आजारात आपल्याला मिळणारा एकमेव इशारा आहे. तो बंद करून पळलं, तर पट्ट्यातल्या दुखण्याचं एका ठिकाणच्या तड्यात रूपांतर कधी झालं, हे कळतच नाही. शिवाय उपाशीपोटी, कमी पाणी पिऊन, घाम गाळताना या गोळ्या वारंवार घेतल्या तर जठराला आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

एका मुलीचं वेळापत्रक

माण तालुक्याच्या बाजूची एक मुलगी वडिलांबरोबर आली होती. जाहिरात आल्यावर तिनं रोज सकाळी पाच किलोमीटर आणि संध्याकाळी शंभर-शंभर मीटरच्या वेगवान धावा सुरू केल्या होत्या. सुट्टीचा दिवस नाही. दोन्ही नडग्यांच्या आतल्या कडेला तळहाताएवढ्या लांबीत दुखत होतं, पण एका बिंदूवर नाही. रात्री ठणक नव्हती. लंगडी घालता येत होती. वडील म्हणाले, "मॅडम, ग्राउंड दोन महिन्यांवर आलंय. पळणं थांबवलं तर पोरीचं वर्ष जाईल."

सराव थांबवायचा नाही, नडगीवरचा मारा थांबवायचा, असं मी त्यांना सांगितलं. पहिले दोन आठवडे पळणं पूर्ण बंद. त्याऐवजी सायकल, दमछाक होईल अशा वेगानं, मध्ये उसंत घेऊन. गावात विहीर होती आणि तिला पोहता येत होतं, म्हणून आठवड्यातून तीन दिवस पोहणं. गोळाफेकीचा उभ्यानं सराव चालू. दम टिकवायला हे पुरतं, आणि गोळ्याचे गुण पळण्याइतकेच खरे असतात.

सोबत ताकदीचे व्यायाम. पायरीच्या काठावर पंजे ठेवून टाचा सावकाश वर आणि सावकाश खाली, पंधरा-पंधराचे तीन फेर. एकदा गुडघे सरळ ठेवून आणि एकदा वाकवून, कारण गुडघा वाकवल्यावर पोटरीचा खोलवरचा स्नायू काम करतो आणि पळताना जास्त भार त्याच्यावरच असतो. ते सोपं वाटायला लागलं की एका पायावर. भिंतीला पाठ टेकून पंजे वर उचलणं, वीस वेळा. अनवाणी एका पायावर तोल सांभाळून उभं राहणं. कुशीवर झोपून वरचा पाय उचलणं, पाठीवर झोपून कंबर उचलणं, म्हणजे कमरेजवळचे स्नायू मजबूत होतात आणि पाय आत झुकत नाही.

सलग अर्धा तास भरभर चालूनही दुखलं नाही, तेव्हा पळणं सुरू केलं. एक मिनिट हळू पळायचं, दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. एक दिवसाआड, मातीवर. मग दोन मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं. मग चार आणि एक. पुढच्या पायरीवर जाण्याचा नियम साधा होता: दहापैकी दोनपेक्षा जास्त दुखायला नको आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पहिलं पाऊल टाकताना काल होतं त्याहून वाईट नको. तसं झालं तर एक पायरी मागे. आधी वेळ वाढवायचा, वेग नंतर आणि स्पाइक्स, म्हणजे खिळ्यांचे बूट, सगळ्यात शेवटी. पावलं लांब न टाकता छोटी आणि थोडी जलद टाकायला शिकवलं. मिनिटाला पडणारी पावलं पाच ते दहा टक्क्यांनी वाढवली, तरी प्रत्येक पावलाचा दणका कमी होतो.

ग्राउंडच्या दिवसापर्यंत ती पूर्ण बरी झालेली नव्हती. पण एकदा आठशे मीटर धावणं आणि महिनाभर रोज पाच किलोमीटर धावणं यांत फार फरक आहे. एका ठिकाणी दुखत नव्हतं, लंगडी घालता येत होती, म्हणून मी हो म्हटलं. तिनं गोळी न घेता आठशे पूर्ण केलं आणि त्यानंतर पुन्हा आपल्या पायरीवर आली. एका जागी दुखत असतं, तर मी तिला नाही म्हटलं असतं आणि वडिलांना त्यामागचं कारण समजावत बसले असते.

ताटातलं आणि पाळीचं

या मुलीला मी आणखी एक प्रश्न विचारला होता, वडिलांना बाहेर बसवून. पाळी वेळेवर येते का? तीन महिने आली नव्हती. वजन हलकं राहावं म्हणून ती रात्रीचं जेवण सोडत होती.

शरीराला श्रमाच्या मानानं अन्न कमी पडलं की ते आधी ज्या कामांशिवाय निभतं ती कामं थांबवतं. पाळी थांबते आणि तिच्यासोबत हाड राखणारं इस्ट्रोजेनही कमी होतं. अशा वेळी व्यायाम कितीही शास्त्रशुद्ध असला, तरी हाड भरायला माल नसतो. पळणाऱ्या मुलीची पाळी थांबणं म्हणजे 'मेहनत लागू पडली' असं काही जणी समजतात. ते धोक्याचं चिन्ह आहे आणि त्यासाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवायलाच हवं. मुलांमध्येही कमी खाण्यानं हाडं कमजोर होतात. फक्त दाखवून देणारी पाळी नसते.

यासाठी महागड्या डब्यातली पावडर लागत नाही. पहाटे पळण्याआधी केळं किंवा गूळ-शेंगदाणे, आल्यावर दूध आणि अंडी किंवा मोड आलेली मटकी, दोन्ही वेळा पोटभर भाकरी-डाळ-भाजी. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १००० मिलीग्रॅम कॅल्शियम हवं. शंभर ग्रॅम नाचणीत ते साधारण ३५० मिलीग्रॅम असतं. दूध, दही, तीळ यांतून बाकीचं मिळतं. ड जीवनसत्त्वाची कमतरता आपल्याकडे भरपूर ऊन असलेल्या गावांतही आढळते. नडगी पुन्हा पुन्हा दुखत असेल तर रक्त तपासून घ्यावं आणि डॉक्टर सांगतील तेवढीच मात्रा घ्यावी. सोबत हिमोग्लोबिनही तपासावं. आणि झोप. पहाटे चारला उठणाऱ्यानं रात्री अकरापर्यंत मोबाइल पाहिला, तर हाडाच्या कामाचे तासच कापले जातात.

बुटांबद्दल सगळे विचारतात. किमतीपेक्षा माप महत्त्वाचं. पुढे अंगठ्याएवढी जागा हवी, टाच घट्ट बसायला हवी. तळ एका बाजूनं झिजला असेल किंवा दाबल्यावर लाकडासारखा लागत असेल, तर तो बूट बदलावा. नव्या बुटात, नव्या रस्त्यावर किंवा नव्या स्पाइक्सवर एकदम पूर्ण सराव करू नये. लहान गोल मैदानावर रोज एकाच दिशेनं वळलं तर दोन्ही पायांवर सारखा भार पडत नाही, म्हणून दिशा बदलावी.

अकॅडमीच्या सरांना आणि घरच्यांना

गावोगावी भरतीच्या अकॅडम्या आहेत. तिथले बरेच सर स्वतः पोलिसात किंवा सैन्यात राहून आलेले असतात आणि मुलांवर जीव लावतात. त्यांना माझी विनंती आहे. नव्या मुलाला जुन्यांच्या बरोबरीनं पहिल्याच दिवशी पळवू नका. त्याची वेगळी तुकडी करा. आठवड्यातला एक दिवस पूर्ण विश्रांतीचा आणि एक दिवस सायकल किंवा पोहण्याचा ठेवा. तीन आठवडे वाढवत नेलं की चौथा आठवडा हलका ठेवा, नेमका तोच नाजूक असतो. रोज सकाळी रांगेत उभं करून विचारा, कुणाची नडगी दुखतेय? आणि जो हात वर करेल त्याला कच्चा समजू नका. खरं सांगणारा मुलगा वेळेत बरा होतो. लपवणारा प्लास्टरमध्ये जातो.

घरच्यांनाही सांगणं आहे. मुलगा किंवा मुलगी भरती करणार हे वर्षभर आधी ठरलेलं असतं. मग पळण्याची सुरुवात जाहिरातीपर्यंत का थांबवायची? चार महिने आधीपासून, आठवड्यातून चार दिवस, अर्धा तास चालणं-पळणं आणि टाचा उचलण्याचा व्यायाम, एवढं जरी केलं तरी जाहिरात येईल तेव्हा नडगीचा नाजूक टप्पा मागे पडलेला असेल. मग सरांनी कितीही कसून सराव घेतला, तरी हाड तो पेलू शकेल.

दम पंधरा दिवसांत येतो, हाड चार महिन्यांत. ज्याला पुढच्या भरतीत उतरायचंय, ज्याला पुढच्या आषाढात पंढरपूर गाठायचंय, त्यानं ते चार महिने आजपासून मोजायला सुरुवात करावी.